शेतराखणीची बंदूक: घेण्याआधी, घेतल्यावर

पायी फिरून ससा मारायला कोणती बंदूक बरी, असं विचारणारे तरुण सिंदेवाही, मूल, आरमोरी या पट्ट्यात आजही भेटतात. उत्तर एका ओळीचं आहे: कोणतीच नाही. रानातला ससा मारणं हा चंद्रपूर-गडचिरोलीतच नव्हे, साऱ्या देशात गुन्हा आहे. आजोबांच्या शिकारीच्या गोष्टी खोट्या नसतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला छोट्या शिकारीच्या परवान्याची तरतूद होती आणि ससा त्या छोट्या शिकारीत मोडत होता. १९९१ च्या दुरुस्तीने ते दार बंद झालं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, ससा अनुसूची दोनमध्ये आहे. रानडुक्कर आणि रोहीही त्याच अनुसूचीत आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अभयारण्याच्या हद्दीत तोच प्रकार घडला तर किमान तीन वर्षं, कमाल सात.

यात बऱ्याच जणांना ठाऊक नसलेल्या दोन गोष्टी आहेत. कायद्याच्या लेखी शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. फासा लावणं, जाळं टाकणं, हाका करणं, आमिष ठेवणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच आहे. त्यामुळे बॅटरीच्या झोतात सशाला दिपवून मागे धावणारे चार जण रिकाम्या हाताने परतले तरी सुटत नाहीत. दुसरी गोष्ट, या कामी वापरलेली मोटारसायकलही सरकारजमा होऊ शकते. एअरगनबद्दलचा गैरसमज तर फारच पसरलेला आहे. ०.१७७ इंचापर्यंतच्या नळीच्या, २० जूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही, हे खरं. म्हणून तिने ससा मारायची मुभा मिळते, हे खोटं. सवलत हत्याराला आहे, शिकारीला नाही.

वनहक्क कायद्याचं नाव पुढे केलं जातं, तेही तपासून घ्या. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि बांबूवर गावाचा ताबा आला, हे साऱ्या देशाने पाहिलं. पण २००६ च्या त्याच कायद्यात पारंपरिक हक्कांची यादी करताना शिकार आणि सापळे लावणं स्पष्ट शब्दांत वगळलेलं आहे. मोहफूल, तेंदूपत्ता, बांबू, तळ्यातली मासोळी गावाची. ससा नाही.

मग बंदुकीबद्दल लिहायचं कशाला? कारण या दोन जिल्ह्यांत बंदुकीचं एक कायदेशीर काम अजून शिल्लक आहे: पीक राखणं. धानाच्या लोंब्या भरायला लागल्या की रानडुकरांचा कळप एका रात्रीत बांधी लोळवून जातो. वरोरा-भद्रावतीकडे सोयाबीन आणि हरभऱ्यात रोही उतरतात. जागलीला जाणाऱ्या माणसाला हातात काहीतरी हवंसं वाटतं, आणि ते काहीतरी बंदूकच असावी असं त्याला वाटलं तर नवल नाही. माझं मत मात्र आधीच सांगून ठेवतो. इथे घेतलेली बंदूक तिच्या आयुष्यातला बहुतेक काळ कपाटात राहणार आहे आणि चाललीच तर बहुतेकदा हवेत आवाज काढण्यापुरती चालणार आहे. हे धरून निवड केली तर खर्चही बेताचा होतो आणि जीवही सुरक्षित राहतो.

दुकानात जाण्याआधी नकाशा पाहा. तुमचं गाव अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत येतं का? वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अशा पट्ट्यात राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्र परवाना देता येत नाही. अभयारण्य जाहीर झालं की तीन महिन्यांच्या आत जुन्या परवानाधारकांनी नाव नोंदवण्यासाठी वनखात्याकडे अर्ज करायचा असतो. चंद्रपुरात ताडोबा आणि अंधारी तर आहेतच, पण २०१८ मध्ये घोडाझरी आणि २०२१ मध्ये कन्हाळगाव अभयारण्य झालं. गडचिरोलीत चपराळा आणि भामरागड आधीपासून होती, २०१४ मध्ये प्राणहिता आलं. या सगळ्यांभोवती दहा-दहा किलोमीटरचं कडं काढून पाहिलं की आपण मोकळ्या जागेत आहोत असं समजणारे कितीतरी लोक त्या कड्यात सापडतील. नागभीड, गोंडपिपरी, अहेरीकडच्या वाचकांनी आपल्या घरातला जुना परवाना या नजरेने पुन्हा एकदा पाहावा.

परवाना जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारी, देतात. अर्जदार एकवीस वर्षांचा हवा, पोलीस चौकशी होते, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन बंदुका, ही मर्यादा आली. आता पिकाच्या परवान्यातली खरी मेख. १९५९ च्या शस्त्र कायद्याला पीक राखायला मुळात अपेक्षित आहे ती तोंडाकडून दारू ठासायची बंदूक, आपल्याकडची भरमार. ती पुरेशी नाही, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच वीस इंच किंवा त्याहून लांब नळीची, आतून गुळगुळीत अशी दुसरी बंदूक, म्हणजे व्यवहारात बारा बोअर, मंजूर होऊ शकते. म्हणून अर्जात नुसतं ‘पीक संरक्षणासाठी’ एवढं लिहून थांबू नका. किती एकर, कोणतं पीक, जंगलाची हद्द किती अंतरावर, मागच्या हंगामांत झालेल्या नुकसानीचे पंचनामे कोणते, हे सगळं जोडा. पंचनामा नसेल तर तुमच्या रानडुकरांवर कागद विश्वास ठेवत नाही.

भरमार साधी असते, म्हणून तिला परवाना लागत नाही, ही समजूत गडचिरोलीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कर्नाटकातल्या कोडवा लोकांना परंपरेमुळे परवान्यातून सूट आहे. तसलं काही इथे नाही. विनापरवाना भरमार बाळगली तर बारा बोअरइतकाच गुन्हा. वडिलोपार्जित भरमार माळ्यावर पडली असेल तर पोलिसांच्या आवाहनाची वाट न पाहता गावातल्या दोन जाणत्या माणसांना सोबत घेऊन ती ठाण्यात जमा करा आणि पोचपावती घ्या. एटापल्ली, भामरागड, कोरची भागातल्या वाचकांना तर आणखी एक सांगणं आहे. पोलिसांचं नक्षलविरोधी सी-६० पथक रात्री जंगलातून गस्त घालत असताना खांद्यावर नळी टाकून चाललेला माणूस शेतकरी आहे की आणखी कोणी, हे अंधारात कळत नाही. परवाना तुमच्या खिशात असतो, तो लांबून वाचता येत नाही. त्या पट्ट्यात रात्री बंदूक घेऊन फिरण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही, परवाना असला तरी.

परवाना हाती आला आणि बंदूक घ्यायचीच ठरली, तर बारा बोअरच घ्या. कारण सरळ आहे, काडतूस मिळतं. सोळा बोअरची विलायती बंदूक कितीही देखणी असली तरी तिच्या काडतुसासाठी वणवण करावी लागते. (भद्रावतीला आयुध निर्माणी आहे म्हणून काडतूस गावातच मिळेल असं समजू नका. तिथे तोफांचा दारूगोळा भरतात.) एकनळी की दुनळी, हा वाद पारावर रंगतो. राखणीला एकनळी पुरते. ती हलकी असते, स्वस्त असते, आत काडतूस आहे की नाही हे मोडून पाहताच कळतं. दुनळीचा फायदा दुसऱ्या बाराचा, पण ज्याला दुसरा बार लागणार त्याने पहिलाच टाकायला नको होता, असं माझं मत. बाहेर घोडे असलेली जुनी दुनळी मिळाली तर सांभाळून. चढवलेला घोडा अंगठ्याने हळूच खाली उतरवताना निसटतो, आणि थंडीत बधिर झालेल्या बोटांनी पहाटे चारला ते काम करायचं असतं. आखूड केलेली नळी कुणी ‘हाताळायला सोपी’ म्हणून देऊ केली तर तिला हातही लावू नका. परवानगीवाचून नळी कापणं हा वेगळा गुन्हा आहे.

वजन तीन किलोच्या आसपास असावं. यापेक्षा फार हलकी बंदूक खांद्याला धक्का देते, फार जड बंदूक धुऱ्यावरून चालताना जिवावर येते. दस्त्याचं माप पाहायची जुनी रीत अजून कामाची आहे: दस्त्याचा मागचा भाग कोपराच्या खोबणीत टेकवा, तर्जनीचं पेर चापावर सहज यायला हवं. आपल्याकडची माणसं विलायती मापापेक्षा बहुधा ठेंगणी, त्यामुळे दस्ता लांबच निघतो. तो चांगल्या कारागिराकडून कमी करून घेता येतो. लांब दस्ता बगलेत अडकतो आणि नळी भलतीकडे वळते.

जुनी बंदूक घेत असाल तर वेळ काढा. आधी मोडून ती रिकामी असल्याची स्वतः खात्री करा. विकणारा काय सांगतो ते नंतर. मग नळी काढून उजेडाकडे धरा. आत प्रकाशाची वर्तुळं अखंड दिसली पाहिजेत. कुठे काळे खड्डे दिसले तर गंजाने पोलाद खाल्लंय. कुठे वर्तुळ तुटलं किंवा फुगलं तर पूर्वी कधीतरी नळीत काही अडकलेलं असताना बार उडालाय. ती बंदूक परत करा. बंदूक बंद करून कानाशी हलवा, सांध्यात खडखड असेल तर नको. नळीवर लाटांसारखी, लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसली तर ती लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेली जुनी नळी आहे. ती काळ्या दारूच्या काळातली. आजच्या धूरविरहित दारूचं काडतूस तिच्यात घालणं म्हणजे चेहऱ्याशी स्फोट करून घेणं. अशा बंदुकीची जागा भिंतीवर, तीही परवान्यासह.

काडतुसाच्या लांबीची भानगड दुकानदारही नीट सांगत नाहीत. जुन्या बंदुकांत काडतुसाची खोली अडीच इंचाची, म्हणजे ६५ मिलिमीटरची असते. आज मिळणारी काडतुसं बहुधा ७० मिलिमीटरची. ही लांबी काडतुसाचं तोंड उघडल्यानंतरची, म्हणजे बार उडल्यानंतरची असते. त्यामुळे लांब काडतूस आखूड खोलीत आरामात बसतं, बंदूक बंदही होते, काही खटकत नाही. बार उडतो तेव्हा तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि आतला दाब भलताच वाढतो. नळीच्या मुळाशी कोरलेला आकडा वाचा. आकडा पुसला असेल तर बंदूक दुरुस्त करणाऱ्या परवानाधारकाकडून मोजून घ्या.

छर्ऱ्याबद्दल थोडं. पाच-सहा नंबरचा बारीक छर्रा हा ससा-तितरांचा. तो रानडुकरावर झाडला तर डुक्कर मरत नाही, चिडतं. जखमी डुक्कर सकाळी झुडपात बसून राहतं आणि धान कापायला आलेल्या बाईवर चाल करून येतं. मोठे गोळे किंवा एकगोळी यांचा धोका उलटा आहे. कामाचं अंतर तीस-चाळीस मीटर असलं तरी एकगोळी एक किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, आणि विदर्भातलं सपाट शेत तिला अडवत नाही. पलीकडच्या बोडीवर कोण बसलंय हे तुम्हाला दिसत नसतं.

याच कारणाने आवाजावर आणि सावलीवर कधीही बार टाकू नका. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अंधारातच बायामाणसं मोहफुलं वेचायला निघतात. मोहाखाली वाकून पुढे सरकणारं माणूस आणि चरणारं डुक्कर यांत चाळीस पावलांवरून, अर्धवट उजेडात, फरक कळत नाही. मे महिन्यात तेंदूपत्त्याची तीच गत. शेजारच्या जागलीवाल्याचा माळा कुठे आहे, तो रात्री कोणत्या वाटेने उठतो, हे हंगाम सुरू होण्याआधी आपसात ठरवून घ्या.

धानाच्या शेतात एक खास धोका असतो, तो बंदुकीच्या पुस्तकांत सापडत नाही. धुऱ्यावरून पाय घसरला, बंदुकीचं तोंड बांधीत रुतलं, माणूस उठला, चिखल झटकला आणि पुढे निघाला. नळीत बोटभर चिखल राहिला तरी पुढच्या बाराला नळी फाटते. पडलात की आधी काडतूस काढा, नळी उजेडाकडे धरून पाहा, कांबीने साफ करा, मगच पुढचं. तसंच घरात वीस बोअरची काडतुसं असतील तर ती बारा बोअरच्या जवळपास ठेवू नका. वीसचं काडतूस बाराच्या नळीत पुढे सरकून अडकतं, मागे बाराचं बसतं, आणि दोन्ही एकदम जातात. ओल लागलेली, फुगलेली, कागदी जुनी काडतुसं वाळवून वापरायचा मोह टाळा. कोणत्या कामासाठी, कोणत्या हद्दीत, वर्षाला किती काडतुसं, हे सगळं परवान्यात लिहिलेलं असतं, त्याचा हिशेब ठेवा.

आता मुख्य प्रश्न: परवाना असला की रानडुक्कर मारता येतं का? नाही. बंदुकीचा परवाना वेगळा, प्राणी मारण्याची परवानगी वेगळी. उभ्या पिकाला धोका झालेल्या अनुसूची दोनच्या प्राण्याबाबत कलम ११ खाली लेखी आदेश लागतो. २०१५ मध्ये राज्य सरकारने रानडुक्कर आणि रोहीबाबत हे अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांपर्यंत खाली आणले. त्यावरून गदारोळही झाला. जून २०१६ मध्ये केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी चंद्रपुरात ५३ रानडुकरं मारली गेल्याबद्दल आपल्याच सरकारवर उघड टीका केली, आणि तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी राज्यांनी मागणी केली म्हणून परवानगी दिली, असं उत्तर दिलं. चंद्रपूरचा धानकरी तेव्हा दिल्लीच्या बातम्यांत आला, पण त्याची बांधी त्यामुळे काही वाचली नाही. आजची कार्यपद्धती आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा, आदेश कागदावर घ्या. वनरक्षकाने चहा पिताना डोलावलेली मान म्हणजे परवानगी नव्हे. मेलेला प्राणी सरकारचा असतो. त्याचं मटण गावात वाटलं की तुमची परवानगीही तुम्हाला वाचवत नाही.

आणि खरं सांगायचं तर पीक वाचवण्यात बंदुकीचा नंबर बराच खाली लागतो. एक डुक्कर मेलं तरी कळप तिसऱ्या रात्री परत येतो. सौर कुंपण, आपल्या भाषेत झटका मशीन, यापेक्षा कितीतरी जास्त काम करतं. राज्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदान मिळतं; ग्रामपंचायतीत किंवा वनकार्यालयात यंदाची अट विचारा. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभर-फूटभरावर हवी, रोहीसाठी वरच्या तारा छातीच्या वर. पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो आणि मशीन चालू असूनही कुंपण मेलेलं असतं, म्हणून दर आठवड्याला तारेखालचं गवत कापावं लागतं. बहुतेकांचं कुंपण या आळसापायी निकामी होतं, मशीन खराब असतं म्हणून नव्हे. ससा उपद्रव करतो तो मुख्यतः कोवळ्या हरभऱ्याला आणि वाडीतल्या भाजीला; तिथे अडीच फुटांची बारीक जाळी, खालची कड बाहेर वळवून मातीत दाबलेली, एवढं पुरतं.

झटका मशीनच्या ऐवजी खांबावरून थेट वीज तारेत सोडणारे आहेत. त्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो, शेजारी मरतो, आणि पुष्कळदा स्वतः तार लावणाराच मरतो. त्याला राखण म्हणत नाहीत. पिठाच्या गोळ्यात बारूद भरून ठेवायचे गावठी बॉम्बही तसलेच. गाईगुरांचे जबडे त्याने फुटलेत. पाइपची कार्बाइड गन माकडांसाठी सर्रास वापरतात, पण ती पेटत नाही म्हणून आत डोकावणाऱ्याचे डोळे जातात. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कितीतरी मुलांच्या डोळ्यांना यानेच इजा झाली. ही वस्तू घरात असेल तर पोरांच्या हाती लागू देऊ नका.

नुकसान झालंच तर तीन दिवसांच्या आत जवळच्या वनकार्यालयात अर्ज द्या. सातबारा, बँक पासबुक आणि लोळवलेल्या पिकाचे फोटो सोबत हवेत. माग, विष्ठा, उकरलेली जमीन दिसेल असे फोटो काढा; नुसतं आडवं धान वाऱ्यानेही पडतं. पंचनामा होईपर्यंत शेत साफ करू नका. आणि हाच पंचनामा उद्या परवान्याच्या अर्जाला, परवा कलम ११ च्या अर्जाला लागणार आहे, म्हणून त्याची प्रत मागून घ्या.

ताडोबाच्या बफरमध्ये किंवा ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात जागल करणाऱ्याला डुकरापेक्षा वाघाची भीती जास्त. तिथे बंदूक धीर देते, तो धीरच घातक ठरतो. माणूस एकटा, उशिरा, बेसावध फिरतो. वाघ अनुसूची एकमधला. छर्ऱ्याने तो थांबत नाही आणि जखमी झाला तर अख्ख्या गावाला भोवतो. त्यापेक्षा जमिनीपासून उंच, मजबूत माळा, दोघांची सोबत, मोठी बॅटरी आणि रात्री खाली न उतरण्याचा नियम. गडचिरोलीत ऑक्टोबर २०२१ च्या सुमारास छत्तीसगडमधून हत्ती आले, तेव्हापासून कुरखेडा, धानोरा, आरमोरी भागात आणखी एक पथ्य आलं. हत्तींचा कळप शेतात असताना बार उडवू नका. कळप बिथरतो आणि कुठे वळेल ते सांगता येत नाही. वनखात्याला कळवा आणि मागे सरा.

राहता राहिली घरात आधीच असलेली बंदूक. वडील किंवा आजोबा परवानाधारक असतील आणि त्यांचं वय सत्तर झालं असेल, किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्यांच्याकडे असेल, तर त्यांच्या हयातीतच वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. मृत्यूनंतरही वारस अर्ज करू शकतो, पण इतर वारसांची हरकत नसल्याचं लिहून द्यावं लागतं. निर्णय होईपर्यंत बंदूक घरात ठेवू नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. तेराव्यानंतर बघू म्हणून वर्षानुवर्षं ट्रंकेत राहिलेल्या बंदुकीची केस मुलाच्या नावावर लागते. कुणालाच नको असेल तर परवानाधारक विक्रेत्यामार्फत विका किंवा कायमची जमा करा. निवडणुकीच्या काळात ठाण्यात ठेवायला सांगतात तेव्हा पावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि स्थिती लिहून घ्या, आणि देण्याआधी नळीला तेलाचा हात द्या. मालखान्यात पावसाळा काढलेली बंदूक परत मिळते तेव्हा नळी आतून तपासल्याशिवाय काडतूस घालू नका.